घाटाखाली आरसीसी (सळईचे काँक्रीट) बांधताना या चुका टाळा

कोल्हापुरात काम शिकलेले आमच्यापैकी अनेक जण गगनबावड्याचा घाट उतरून मालवण-देवगडकडे बांधकामे घेतात आणि इथली पद्धत जशीच्या तशी तिकडे नेतात. तिथल्या खाऱ्या हवेतील क्लोराइड (मिठातला घटक) काँक्रीटमध्ये झिरपत सळईपर्यंत पोहोचते, तिच्या पृष्ठभागावरचा अतिपातळ संरक्षक थर मोडते, आणि गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापत असल्याने काँक्रीट आतून फुटते.

सर्वांत महागात पडते ती कव्हरमधली, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीतली कसूर. आय.एस. 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सौम्य वातावरणात 20 मि.मी. कव्हर चालते, पण किनाऱ्यावर 45, समुद्राचे तुषार उडतात तिथे 50 आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात 75 मि.मी. लागते. देवगडजवळ एका घरात बीमच्या तळाशी सळईच्या रेषेत तपकिरी भेग दिसली म्हणून मी हातोडीने ठोकून पाहिले, तर आवाज बद्द आला. पापुद्रा काढून मोजले तेव्हा कव्हर जेमतेम 12 मि.मी. भरले. कव्हर ब्लॉकऐवजी (सळई साच्यापासून ठरावीक अंतरावर धरणाऱ्या ठोकळ्याऐवजी) टेकवलेली खडी माल ओतताना सरकली होती. बाइंडिंग वायरची (सळया बांधायच्या तारेची) टोकेही आत वळवावीत, कारण गंजाला तीही वाट देतात.

दुसरी चूक पाण्याची. किनाऱ्यावर किमान एम 30 (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर (सिमेंटच्या वजनाच्या तुलनेत पाणी) 0.45 धरले, तर 50 किलोच्या पोत्याला वाळूतील ओलाव्यासह 22.5 लिटरच पाणी बसते. माल पातळ हवा असेल तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारे रसायन) घाला, पाण्याची जादा बादली नको. विहिरीचे पाणी तपासूनच वापरा, आरसीसीसाठी क्लोराइड लिटरला 500 मि.ग्रॅ.पेक्षा अधिक नसावे.

समुद्र म्हटले की सल्फेटरोधक सिमेंट, हा समजही फसवा आहे, कारण ते क्लोराइड कमी बांधून ठेवते. पीपीसी (राख मिसळलेले) किंवा स्लॅग (पोलादभट्टीची मळी मिसळलेले) सिमेंट बरे, मात्र क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवणे, किमान 10, शक्यतो 14 दिवस करावे.

भेग दिसली की वरून गिलावा करणे तर टाळाच. केवळ गंजलेला तुकडा काढून नवा मसाला भरला, तरी आजूबाजूच्या काँक्रीटमध्ये क्लोराइड उरते आणि पॅचच्या कडेला नव्याने गंज धरतो. म्हणून आधी त्या काँक्रीटची क्लोराइड चाचणी करावी, सळईच्या मागेपर्यंत आणि स्वच्छ लोखंड लागेपर्यंत तोडावे, आणि तोडण्यापूर्वी बीमला टेकू द्यावेत.