वेबसाईट बिल्डर घ्यायच्या आधी एक पान बनवून बघा

वेबसाईट बिल्डर म्हणजे कोडिंग न करता साईट बनवायची ऑनलाईन सोय. तिचा डेमो बघून वर्षाचे पैसे भरायचे आणि मग अडकायचं, हे छोट्या साईटवाल्यांचं नेहमीचं. मावशीच्या डब्याच्या साईटसाठी मी यावेळी आधी फुकट अकाउंटवर एकच पान बनवलं, आणि तासाभरात सगळं कळलं.

१. खरा मजकूर टाका, मराठीतलाच. 'भाकऱ्या', 'पुऱ्या' लिहून फॉन्ट बदलून बघा, एका टेम्प्लेटमध्ये (तयार डिझाईनमध्ये) ऱ्या चक्क तुटून र आणि या वेगळे दिसत होते!
२. तेच पान साध्या मोबाईलवर, वायफाय बंद करून उघडा. रेट आणि व्हॉट्सॲपचं बटण पटकन दिसलं पाहिजे, गिऱ्हाईक तेवढंच बघतं.
३. एक्स्पोर्ट, म्हणजे आपलं काम बाहेर काढायची सोय, आहे का ते शोधा. वर्डप्रेसमधून मजकुराची फाईल काढता येते, विक्समधून अख्खी साईट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर (साईट ठेवायच्या जागेवर) नेता येत नाही, त्यामुळे पुढे वाढवायची असेल तर हे आधीच बघा. नुसता पत्ता, मेन्यू आणि नकाशा हवा असेल तर गुगल साईट्स फुकट आहे, खरंच पुरतं.
४. पहिल्या वर्षाचा नाही, रिन्यूअलचा रेट बघा.

डोमेन, म्हणजे साईटचं इंटरनेटवरचं नाव, मात्र वेगळं आणि स्वतःच्याच ईमेलवर घ्या, साईट बनवून देणाऱ्याच्या नाही.