बिअर्डेड ड्रॅगनचा रंग का दबतो आणि मुंबईत तो कसा खुलवायचा

बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याचा रंग दुपारी पारखायचा, टँकमधले दिवे लागून चार-पाच तास झाल्यावर. सकाळी तो काळपट दिसणारच. अंग गार असतं, आणि ऊब लवकर शोषली जावी म्हणून तो कातडी गडद करतो. अंग तापलं की तीच पाठ पिवळी, केशरी किंवा वाळूच्या रंगाची होते. रात्री झोपेत तो पांढुरका पडतो, त्यातही काळजीचं काही नाही. भर दुपारीही काळपट किंवा राखाडी राहिला तर मात्र काहीतरी बिघडलंय. अशा वेळी आधी थर्मामीटर काढा, रंगाच्या पावडरी शोधणं नंतर.

लाल, सिट्रस (लिंबासारखा पिवळा), हायपो (काळं रंगद्रव्य कमी असलेला फिकट) हे रंग आई-बापाकडून येतात. साध्या वाळूरंगी जनावराला कितीही गाजर घाला, ते लाल होणार नाही. आपल्या हातात एवढंच आहे की जो रंग अंगात आहे तो दबू द्यायचा नाही.

ऊब आणि उजेड

दिव्याखालच्या बसायच्या दगडाचं तापमान मोठ्यांसाठी ३८ ते ४२ अंश सेल्सियस आणि पिल्लांसाठी ४० ते ४३ हवं. थंड बाजू २५ ते २९. मोजायला इन्फ्रारेड गनच वापरा. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर काचेजवळची हवा मोजतात, दगड नाही. गन लॅमिंग्टन रोडला सहज मिळते, आणि बल्बसाठी सिरॅमिक होल्डर लोहार चाळीत. प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो. बाहेरून मागवलेला बल्ब २३० व्होल्टचा आहे ना, हे बघून घ्या. ११० व्होल्टचा लावताक्षणी उडेल.

चार बाय दोन बाय दोन फुटांच्या टँकला ७५ वॉटचा हॅलोजन फ्लड बल्ब आणि डिमर थर्मोस्टॅट (तापमान बघून बल्ब कमी-जास्त करणारा) बहुतेक महिने पुरतो. मे महिन्यात खोलीच ३३-३४ अंशांवर जाते, मग थंड बाजू थंड राहत नाही. त्या वेळी दिवा बंद न करता ५० वॉटचा लावा आणि खोलीत पंखा ठेवा. दगडावर बसून थोडा वेळ तोंड उघडणं ठीक, पण थंड कोपऱ्यातही फिकट पडून तोंड वासत असेल तर त्याला उष्णता सोसत नाहीये. उलट बेडरूममध्ये एसीचा झोत थेट टँकवर येत असेल तर दगड ३२ अंशांच्या वर जात नाही आणि जनावर दिवसभर काळं राहतं. टँकची जागा बदला, नाहीतर झोताची दिशा.

बसायला कडप्प्याचा खडबडीत तुकडा उत्तम, ऊब धरून ठेवतो. पॉलिश केलेला नको, नखं घसरतात. टँकची मागची भिंत मात्र फिकट वाळूरंगी ठेवा. हे प्राणी आसपासच्या रंगाप्रमाणे थोडे गडद-फिकट होतात, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर ते गडदच राहायला बघतात.

यूव्हीबीसाठी, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांसाठी, टी-५ एचओ (बारीक, जास्त ताकदीची) प्रकारची, १० ते १२ टक्के यूव्हीबीची लांब ट्यूब घ्या. मध्ये जाळी नसेल तर पाठीपासून ३५ ते ४० सेंटीमीटर, जाळी असेल तर २५ ते ३०, कारण जाळी बरीच किरणं अडवते. छोट्या गुंडाळीच्या बल्बांची किरणं एकाच ठिपक्यावर पडतात, त्यांच्या नादी लागू नका. उजेड दिसत असला तरी ट्यूब वर्षभराने बदलायची. लाल-निळे रात्रीचे दिवे अजिबात नकोत. मुंबईच्या थंडीत रात्री तापमान १८ अंशांपर्यंत उतरलं तरी त्याला चालतं.

खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा यूव्हीबीसाठी उपयोग नाही, काच ते अडवते. खरं ऊन द्यायचं असेल तर सकाळी आठ-साडेआठला, जाळीच्या पेटीत, अर्ध्या भागावर सावली ठेवून, १५-२० मिनिटं, आणि तुम्ही शेजारी बसून. काचेची टँक उन्हात ठेवू नका. काही मिनिटांत भट्टी होते आणि जनावर मरतं. ग्रिलवर कावळे आणि वर घारी असतात, त्यामुळे पेटीला झाकण हवंच.

पावसाळा

हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. त्याला ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते, आणि आपल्याकडे जुलैत ती ८० च्या वर असते. टँक असलेल्या खोलीत एसी ड्राय मोडवर किंवा डीह्युमिडिफायर चालवा आणि हायग्रोमीटरवर (आर्द्रता मोजायच्या यंत्रावर) आकडा ५५ च्या आत ठेवायचा प्रयत्न करा. खाली कोकोपीट नको, टाइल घाला. वर आणि एका बाजूला जाळी असू द्या. पाण्याचं भांडं लहान आणि थंड बाजूला.

ओलाव्यात सर्वांत घातक असते ती पिवळी बुरशी. पिवळसर-तपकिरी डाग दिसला की पुष्कळ जण रंग उमलतोय म्हणून खूश होतात. खरा रंग दोन्ही बाजूंना सारखा आणि खवल्यांवर गुळगुळीत येतो. बुरशीचा डाग एकाच ठिकाणी सुरू होतो, खडबडीत असतो, खपली धरतो, कात टाकल्यावरही जात नाही आणि पसरतो. ती एका ड्रॅगनकडून दुसऱ्याला लागते. जनावर लगेच वेगळं करून सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. घरगुती मलमांत वेळ घालवू नका.

कात यायच्या आधी अंग पांढुरकं-राखाडी होतं, ते आपोआप निवळतं. कात ओढू नका. बोटांवर किंवा शेपटीच्या टोकावर अडकली तरच ३० ते ३४ अंशांच्या पाण्यात, त्याच्या कोपरापर्यंत येईल इतक्या, दहा मिनिटं ठेवा आणि नीट पुसून दिव्याखाली सोडा. खोबरेल तेल चोळू नका, त्यावर धूळ बसते.

पोटावर गडद लंबगोल खुणा आणि काळी दाढी हा ताण असतो. एका टँकमध्ये दोन ठेवले की दबलेला गडद राहतो, खातही कमी. वेगळे करा. काचेतलं स्वतःचं प्रतिबिंबही त्याला दुसरा नर वाटतं. तीन बाजूंना बाहेरून कागद लावा.

खाणं

पिवळ्या-लाल छटांचा काही भाग कॅरोटिनॉइड्सचा (भाज्यांमधल्या पिवळ्या-लाल रंगद्रव्यांचा) असतो, आणि ती अन्नातूनच येतात. मोठ्याच्या ताटात तीन-चतुर्थांश पाला-भाजी आणि बाकी किडे, पिल्लाचं उलट. रोजचा पाया शेवग्याचा पाला, तुतीची आणि जास्वंदीची पानं. त्यावर किसलेला लाल भोपळा, लाल सिमला मिरची, थोडं गाजर, आठवड्यातून एकदा पपईची फोड. पालक, राजगिरा, अळू टाळा. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवतं. जास्वंद घरच्या कुंडीतली घ्या, दादरच्या फुलबाजारातली फवारलेली असू शकते.

रातकिड्यांना आणि डुबिया (खाद्य म्हणून पाळल्या जाणाऱ्या) झुरळांना आदल्या दिवशीपासून गाजर-भोपळा खायला घाला, म्हणजे तेच ड्रॅगनच्या पोटात जातं. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. कॅल्शियम पावडर पिल्लांना रोज, मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा. मल्टिव्हिटॅमिन बीटा-कॅरोटिनवालं घ्या, कारण थेट अ जीवनसत्त्व जास्त झालं तर विषारी ठरतं. खायचा रंग कशातही मिसळू नका. बाहेरचे किडे देऊ नका, आणि पावसाच्या तोंडावर सह्याद्रीतून हौसेने आणलेला काजवा तर कधीच नाही. एकाच काजव्याने जीव जाऊ शकतो.

तापमान सुधारलं तर फरक त्याच दुपारी दिसतो. खाण्याचा फरक दिसायला दोन-तीन काती पडाव्या लागतात. तोवर महिन्यातून एकदा, दुपारी, त्याच जागी आणि त्याच पांढऱ्या दिव्याखाली फोटो काढून ठेवा. पिवळ्या बल्बखालचा फोटो सगळ्यांनाच केशरी दाखवतो.