"घरात येऊ नका" म्हणताना या चुका टाळा

यजमान गेले त्या वर्षी आमच्या पुढच्या खोलीत कापूस छातीपर्यंत भरून होता. यजमानांचे एक मित्र तो पाहायला, व्यापाऱ्याशी बोलायला येत. कोठ्याकडच्या दारातून थेट आत यायची त्यांना जुनी सवय, आणि ती मुभा आम्हीच दिलेली. कापूस विकला गेला, येणं मात्र चालूच राहिलं. एका दुपारी मी न्हाणीतून ओल्या केसांनी बाहेर आले, तर ते माजघरात एकेक डबा उघडून साखर शोधत होते.

त्यांना थांबवायला मला चार महिने लागले. गावात एकट्या राहणाऱ्या कितीतरी बाया याच पेचात असतात, म्हणून माझ्या चुका इथे मांडते.

तोंडाने न सांगणं

मी चहा द्यायचं बंद केलं, तुटक बोलू लागले, दारातच उभी राहू लागले. ज्याला वर्षानुवर्षं दार मोकळं आहे, त्याला वाटतं वहिनी दमली असेल. मग म्हटलं, "सासूबाईंची तब्येत बरी नाही, सध्या नको." त्या बऱ्या झाल्याचं कळलं त्याच दिवशी ते केळी घेऊन हजर. "सध्या" म्हणजे मुदत, आणि मुदत संपतेच.

कारणं देत बसणं

ही माझी सगळ्यात मोठी चूक. "लोक नावं ठेवतात" म्हटलं, तर म्हणाले, "कोण म्हणते? नाव सांगा, मी पाहतो त्याले." म्हणजे माझं घर राहिलं बाजूला आणि वाद लोकांवर गेला. प्रत्येक कारणाला समोरच्याकडे तोड असते. शेवटी एवढंच बोलले: "भाऊजी, आजपासून घरात यायचं नाही. काम असन तर आंगणातून आवाज द्या, मी बाहेर येतो." ते म्हणाले, "काहून वहिनी, मी परका झालो काय?" इथे जीव तुटतो. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, त्याच आवाजात. दिराला किंवा शेजाऱ्याला निरोप्या करू नका, निरोप वाटेत मवाळ होतो.

घरातल्यांना न विचारणं

मी दारात नाही म्हणत होते आणि आतून सासूबाई "ये बाबू" म्हणत होत्या. या माणसाने त्यांच्या लेकाला खांदा दिला होता, त्यांची माया खोटी नव्हती. एका रात्री त्यांच्याजवळ बसून न्हाणीची गोष्ट सांगितली. त्या कितीतरी वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मले आधी काहून नाही सांगितलं?" घरात बरोबरीचा हक्क असलेलं कोणी बोलावत असेल, तर तुमच्या एकटीच्या नकाराला जोर राहत नाही. आधी घर एक करा. लेकरांनाही सांगा, कडी तीच काढतात.

किल्ली तिथेच ठेवणं

आमची किल्ली कोठ्यातल्या खिळ्याला असायची, साऱ्या गावाला ठाऊक. कुलूपच बदला.

राहणाऱ्याला एका दिवसात काढणं

येणारा वेगळा, राहणारा वेगळा. सालदाराला किंवा नातेवाइकाला बिनभाड्याने खोली दिली असेल, तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे अशी परवानगी सहसा मागे घेता येते. पण निघायला आणि सामान न्यायला वाजवी वेळ द्यावा लागतो. त्याने परवानगीच्या भरवशावर पदरच्या पैशाने पक्कं बांधकाम केलं असेल, तर आधी वकिलाला विचारा. भाडेकरूचं प्रकरण निराळं, ते कोर्टातूनच. सामान अंगणात फेकू नका, लाइट तोडू नका. आणि सुनेला, बायकोला "घरात पाय ठेवू नको" म्हणता येत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सामायिक घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो.

तरीही आला तर

हातघाईवर येऊ नका. तारीख, वेळ आणि कोण हजर होतं ते वहीत लिहा. एकदा व्हॉट्सअॅपवर स्पष्ट लिहून पाठवा, म्हणजे "मले सांगितलंच नाही" म्हणायला जागा उरत नाही. पोलीस पाटलांच्या कानावर घाला. आत घुसून हलत नसेल, तर 112 लावा. धमकावण्याच्या, अपमानाच्या किंवा त्रास देण्याच्या इराद्याने घरात शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आधी रीतसर आत आलेला माणूस त्याच इराद्याने हक्क नसताना बसून राहिला, तरी हेच कलम लागतं. "बोलावलं होतं ना" एवढ्यावर तो सुटत नाही. "जाऊ द्या, मिटवून घ्या" म्हणणारे भेटतील. मिटवायचं तर मिटवा, पण आत येण्याची मुभा त्या बोलण्यात परत देऊ नका.

आमच्याकडे ती वेळ आली नाही. ते दोन महिने रुसले. मग पेरणीच्या आधी एक दिवस आंगणातून आवाज आला, "वहिनी, बियाणं आणाचं हाय काय?" मी बाहेर खुर्ची टाकली आणि चहा तिथेच नेऊन दिला.