घरी गाणं ऐकण्यासाठी हेडफोन निवडताना

घरी बसून तासभर ख्याल ऐकायचा असेल, तर हेडफोनची निवड किमतीपासून नको, खोलीपासून सुरू करा. तुम्ही ऐकता तेव्हा शेजारी कोण असतं आणि बाहेरचा आवाज किती येतो, यावर पहिला निर्णय ठरतो: ओपन बॅक (मागून उघडा) की क्लोज्ड बॅक (मागून बंद).

ओपन बॅकच्या वाट्यांना मागून जाळी असते. आवाज कोंडत नाही, त्यामुळे तानपुरा मोकळा, जरा दूर वाजतोय असं वाटतं आणि कानही कमी तापतात. पण त्याच जाळीतून पंखा, मिक्सर, कुकरची शिट्टी सरळ आत येते, आणि तुमचं गाणं शेजारी झोपलेल्यालाही ऐकू जातं. शांत, स्वतंत्र खोली असेल तर शास्त्रीय संगीतासाठी ओपन बॅकच घ्या. वन रूम किचनमध्ये किंवा रस्त्यालगतच्या घरात मात्र क्लोज्ड बॅकला पर्याय नाही. नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाबणारी सोय, पंख्याची घरघर छान कापतं, माणसांचं बोलणं तितकं नाही. प्रवासात वापरणार नसाल, तर त्याचे जादा पैसे वाचवा.

आता खोक्यावरचे आकडे. बहुतेकांची फसगत इथेच होते. ओहम म्हणजे हेडफोन विजेला करतो तो अडथळा, आणि डेसिबल म्हणजे ठराविक विजेवर तो किती मोठा वाजतो ते. सेनहायझर एचडी 600 हा 300 ओहमचा हेडफोन 1 व्होल्टला 97 डेसिबल देतो, आणि फोनला लावायच्या साध्या डाँगलमधून (हेडफोनची पिन फोनला जोडणारा छोटा जोड) जेमतेम तेवढाच, कधी त्याच्या निम्मा व्होल्टेज मिळतो. व्होल्टेज निम्मा झाला की 6 डेसिबल जातात. हळू पातळीवर रेकॉर्ड झालेला आलाप मग आवाज पूर्ण वाढवूनही दबलेलाच राहतो. अशा हेडफोनसोबत अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च धरा.

दोन हेडफोनचे डेसिबल ताडताना ते व्होल्टला आहेत की मिलिवॅटला, हे आधी पाहा. मिलिवॅटला 100 डेसिबल लिहिलेले दोन हेडफोन एकाच फोनवर सारखे वाजत नाहीत: 1 व्होल्टला 32 ओहमचा साधारण 115 डेसिबलपर्यंत जातो, 300 ओहमचा 105 पर्यंत. नावावरही जाऊ नका. बेयरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो 32, 80 आणि 250 ओहम अशा तिन्ही प्रकारांत निघालेला आहे. फोनवरच ऐकणार असाल तर 32 चा घ्या.

दुकानात चष्मा घालूनच हेडफोन लावा. चष्म्याच्या काडीमुळे कुशनखाली फट राहते आणि सगळ्यात आधी डग्ग्याची घुमक जाते. तबला चालू असताना दोन्ही वाट्या तळव्यांनी हलकेच दाबून बघा. डग्गा एकदम भरला, तर तो हेडफोन तुमच्या डोक्यावर नीट बसलेला नाही; तिथे त्याचा दोष काढण्याआधी जाड, मऊ कुशनचा दुसरा लावून पाहा. निदान 20 मिनिटं डोक्यावर ठेवा. 350 ग्रॅमच्या वरचं वजन टाळूला जाणवायला लागतं.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत रेक्झिनसारख्या कुशनचे पापुद्रे निघतात. मखमली कुशन घामाला बरी, पण क्लोज्ड बॅकमध्ये तिच्यामुळे खर्ज थोडा कमी होऊ शकतो. सुटी कुशन आणि केबल बाजारात मिळते का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. वायर पिनपाशी तुटते. केबल निघणारी असेल तर तेवढीच बदलता येते.

तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, कारण जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. तानपुऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू येतात का, तार सप्तकातला स्वर टोचतो का, पेटी गळ्यावर चढते का, एवढं तपासा.

ऐकण्यापुरतं ब्लूटूथ चालेल. रियाजाला नको: आवाज उशिरा पोचतो आणि लय सुटते.