स्पेस रॉक आणि सायकेडेलिक रॉकचा संग्रह करताय? या चुका टाळा

स्पेस रॉक, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या स्वप्नवत, भ्रम जागवणाऱ्या सायकेडेलिक रॉकचाच अवकाशात रमलेला प्रकार. तो ऐकायचं ठरवलं की पुष्कळ जण एखादी तयार प्लेलिस्ट लावतात. पाच-सहा गाणी होतात, प्रत्येकात सिंथेसायझर घोंगावत असतात, आणि 'सगळं सारखंच वाटतंय' म्हणून विषय तिथेच मिटतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या माणसाने हे संगीत खऱ्या अर्थाने ऐकलेलंच नसतं. इथे सुटं गाणं फारसं काही सांगत नाही. एलपीची, म्हणजे मोठ्या रेकॉर्डची, अख्खी बाजू सलग ऐकावी लागते. ऐकताना, निवडताना, विकत घेताना होणाऱ्या बऱ्याच चुकांचं मूळ एवढी एक गोष्ट लक्षात न घेण्यात आहे.

शफल आणि अ‍ॅपची सेटिंग्ज

हॉकविंड हा लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागातला, 1969 साली उभा राहिलेला बँड. 'स्पेस रिचुअल' हा त्यांचा 1973 चा दुहेरी लाइव्ह अल्बम. डिसेंबर 1972 मध्ये लिव्हरपूलला आणि लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये झालेल्या कार्यक्रमांचं हे ध्वनिमुद्रण. अवकाशयानात गाढ झोपवलेल्या प्रवाशांना पडणारी स्वप्नं, अशी त्यामागची कल्पना. त्यामुळे गाणं संपलं, टाळ्या पडल्या, शांतता झाली, असं इथे होत नाही. गिटार थांबते तरी डिक मिकचा ऑडिओ जनरेटर आणि डेल डेट्मारचा सिंथेसायझर गुरगुरत राहतात, त्यावर रॉबर्ट कॅल्व्हर्ट एखादी कविता म्हणतो, आणि ती संपते न संपते तोच लेमीचा बास पुढच्या गाण्यात घुसतो. शफलवर नेमकी ती कविता दोन भलत्याच बँडच्या मधे एकटी कानावर पडते. ऐकणारा गोंधळणारच.

म्हणून आधी शफल बंद करा. मग सेटिंग्जमध्ये जाऊन क्रॉसफेड बंद आहे का ते पाहा, कारण तो दोन गाण्यांची टोकं एकमेकांवर चढवतो आणि कलावंताने जुळवलेला सांधा बिघडवतो. गाण्यांच्या मधे क्षणभर आवाज तुटत असेल तर गॅपलेस प्लेबॅक सुरू करा. गाण्यागणिक आवाज एकसारखा करणारी सोयही अशा अल्बमला मारक आहे. हळू सुरू होऊन गाण्यामागून गाणं छपरापर्यंत चढत जाणारं संगीत तिच्यामुळे सपाट होऊ शकतं.

लोकलमध्ये एकाच कानात इअरफोन घालून हे ऐकू नका. या काळातल्या ध्वनिमुद्रकांनी डावी आणि उजवी बाजू वाद्यासारखी वापरली आहे. एक कान मोकळा ठेवलात तर अर्धं संगीत बाहेरच राहतं.

हिट गाण्यावरून बँडचा अंदाज बांधू नका

हॉकविंडचं 'सिल्व्हर मशिन' 1972 मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. लंडनच्या राउंडहाउस सभागृहातल्या कार्यक्रमात ते ध्वनिमुद्रित झालं आणि लेमीचा आवाज नंतर स्टुडिओत चढवला गेला. गाणं झकास आहे, पण ते सुटसुटीत रॉक अँड रोल आहे. त्याच धर्तीचं आणखी शोधत अल्बमकडे गेलात तर पंधरा-पंधरा मिनिटं एकाच ठेक्यावर चालणारं संगीत भेटतं आणि फसल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा 'इन सर्च ऑफ स्पेस' (1971) पासून सुरुवात करा, मग 'डोरेमी फासोल लातिदो' (1972), आणि त्यानंतर 'स्पेस रिचुअल'. 'डोरेमी'तली गाणी तिथे पुन्हा भेटतात. ओळखीची झालेली असली की मंचावर त्यांचं काय झालंय ते नीट कळतं.

गाँगच्या बाबतीत माझा सल्ला थोडा उलटा आहे. ऑस्ट्रेलियन डेव्हिड अ‍ॅलनच्या या बँडची 'फ्लाइंग टीपॉट', 'एंजल्स एग' (दोन्ही 1973) आणि 'यू' (1974) ही तीन भागांची मालिका आहे. कथा क्रमाने उलगडते हे खरं. पण पहिल्या भागातला पोरकट वाटणारा विनोद नव्या श्रोत्याला पळवून लावतो. कान तयार करायला 'यू' आधी ऐका. त्यातली स्टीव्ह हिलेजची गिटार तुम्हाला उरलेल्या दोन भागांकडे आपोआप नेईल.

'बेस्ट ऑफ'चे ढीग

हॉकविंडच्या नावावर संकलनं, लाइव्ह तुकडे आणि जुन्या टेपमधून काढलेले अल्बम ढीगभर निघाले. वेगळं कव्हर, वेगळं नाव, आत तेच ध्वनिमुद्रण. हातातल्या प्रतीवर कुठे आणि कधी ध्वनिमुद्रित झालं याचा उल्लेख नसेल तर ती परत ठेवा.

संकलनाने सुरुवात करायचीच असेल तर 'नगेट्स' घ्या. लेनी के यांनी निवडलेली सत्तावीस गाणी 1972 मध्ये इलेक्ट्रा कंपनीने दुहेरी एलपीवर काढली. साठच्या दशकातल्या अमेरिकन गॅरेज बँडचं, म्हणजे घरच्या गॅरेजमध्ये सराव करणाऱ्या हौशी बँडचं, बहुतेक काम सिंगल्सच्या (एकेका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डच्या) रूपातच होतं. त्यामुळे तिथे संकलन हाच योग्य मार्ग ठरतो.

कोणती आवृत्ती, हे न पाहता पैसे देऊ नका

पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम 'द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन' ऑगस्ट 1967 मध्ये आला. त्याच वर्षी अमेरिकेत टॉवर लेबलने काढलेली रेकॉर्ड मात्र वेगळी होती. तिची सुरुवात 'सी एमिली प्ले' या सिंगलने होते, आणि 'अ‍ॅस्ट्रॉनमी डॉमिने', 'फ्लेमिंग' व 'बाइक' गायब आहेत. फ्लॉइडच्या सिड बॅरेटने अल्बमचं दार ज्या 'अ‍ॅस्ट्रॉनमी डॉमिने'ने उघडलं तेच नसेल तर तो अल्बम ऐकला असं कसं म्हणायचं? शिवाय मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) आणि स्टिरिओ (डावी-उजवी बाजू वेगळी) मिश्रणांतही, म्हणजे सगळी वाद्यं आणि आवाज एकत्र जुळवण्यातही, ठळक फरक आहे. 2007 च्या आवृत्तीत दोन्ही आहेत. मूळ प्रतीच्या किमतीमागे धावण्याआधी तीच ऐका.

रीमास्टर आणि रीमिक्स यांतही गल्लत होते. रीमास्टरमध्ये तयार मिश्रणाचाच आवाज साफ केला जातो. रीमिक्समध्ये मूळ सुटे ट्रॅक घेऊन मिश्रण नव्याने केलं जातं. हॉकविंडच्या 'वॉरियर ऑन द एज ऑफ टाइम' (1975) ची 2013 मध्ये जी आवृत्ती निघाली, तिच्या मोठ्या संचात मूळ मिश्रणाचं रीमास्टर आहे आणि स्टीव्हन विल्सनने केलेलं रीमिक्सही. रीमिक्स वाईट नाही, पण पहिल्यांदा ऐकताना मूळ मिश्रणच ऐकावं.

सीडीवर शेवटी जोडलेल्या बोनस गाण्यांबद्दल माझं मत ठाम आहे. अल्बम संपला की थांबा. बोनस दुसऱ्या दिवशी.

नावांचा घोळ

या क्षेत्रात सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. जर्मनीतल्या म्युनिकमध्ये एका कम्यूनमधून, म्हणजे एकत्र राहणाऱ्या तरुणांच्या गटातून, दोन बँड निघाले. आमोन ड्यूल आणि आमोन ड्यूल दोन. 'फॅलुस देई' (1969), 'येटी' (1970) ही जी नावं लोक भारावून घेतात, ती 'दोन'ची. नुसत्या आमोन ड्यूलचा 'सायकेडेलिक अंडरग्राउंड' म्हणजे बरेच जण मिळून ढोल-ताशांवर तुटून पडलेत असं कच्चं, सैल, आधी न ठरवता वाजवलेलं जॅम आहे, आणि त्यांच्या पुढच्या काही रेकॉर्ड त्याच टेपमधून कापून काढलेल्या आहेत. त्याचेही चाहते आहेत, पण 'येटी' समजून ते घेणाऱ्याची निराशा अटळ आहे.

कॅलिडोस्कोप नावाचा ब्रिटिश बँड होता, त्याच काळात त्याच नावाचा अमेरिकन बँडही होता. ब्रिटिश कॅलिडोस्कोपच्या 1967 च्या पहिल्या अल्बमचं नाव 'टँजरीन ड्रीम'. आणि टँजरीन ड्रीम हा तर 'फेड्रा' (1974) करणारा जर्मन बँड! निर्वाणा नावाची लंडनची जोडी 1967 मध्येच रेकॉर्ड काढत होती, सिअ‍ॅटलच्या प्रसिद्ध निर्वाणाच्या वीसेक वर्षं आधी. वेल्वेट फॉग बर्मिंगहॅमला होता तसा मुंबईतही होता. मुंबईच्या वेल्वेट फॉगमध्ये गायचे ते नंदू भेंडे, आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. स्ट्रीमिंग अ‍ॅपवर अशा नामसाधर्म्यामुळे एकाची रेकॉर्ड दुसऱ्याच्या पानावर चिकटलेली सर्रास दिसते. लेबल, साल आणि देश, या तीन गोष्टी जुळल्याशिवाय बँड ओळखला असं समजू नका.

रेकॉर्ड खराब आहे की ती तशीच आहे?

नॉय या जर्मन जोडीच्या 'नॉय 2' (1973) ची दुसरी बाजू लावली की टर्नटेबल बिघडल्याची शंका येते. गाणं अचानक रेंगाळतं, मग चिपमंकसारखं पळतं, आणि एका ठिकाणी तर कॅसेट प्लेअरमध्ये टेप अडकल्यासारखी वाटते. बिघाड काहीही नाही. स्टुडिओचे पैसे संपले, बाजू भरायची राहिली, तेव्हा या जोडीने स्वतःचंच आधी निघालेलं सिंगल वेगवेगळ्या गतीने वाजवून ते ध्वनिमुद्रित केलं. गाण्यांच्या नावांतच 16 आणि 78 हे टर्नटेबलच्या गतीचे आकडे आहेत. रेकॉर्ड परत करण्याआधी ते वाचा.

टेक्सासच्या थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्सच्या 1966 च्या अल्बममध्ये सतत 'टुकुटुकु' असा आवाज येतो. तो सुईचा नाही. टॉमी हॉल मातीच्या सुरईला माइक लावून तिच्यात तोंडाने आवाज काढतोय.

खरा बिघाड वेगळा ओळखू येतो. आवाज अगदी बारीक आणि बासविना येत असेल तर टर्नटेबल प्रीअ‍ॅम्पशिवाय ऑक्सला, म्हणजे स्पीकरच्या साध्या जोडणीला, लावलेलं असणार. फोनो प्रीअ‍ॅम्प लागतोच, कारण रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी केलेला असतो आणि तो परत वाढवावा लागतो. एकसारखी घुर्र येत असेल तर अर्थची तार तपासा. बाजूच्या शेवटाकडे आवाज चिरत असेल तर मामला थोडा नाजूक आहे. तबकडीच्या मध्याकडे खाचेची लांबी कमी होते, तेवढ्याच वेळात तेवढाच आवाज आखूड खाचेत बसवावा लागतो, आणि सुईला तो नीट वाचता येत नाही. सायकेडेलिक अल्बममध्ये कळस बहुधा बाजूच्या शेवटीच असतो, त्यामुळे इथे हा दोष जास्त जाणवतो. पिंक फ्लॉइडच्या 'मेडल' (1971) ची दुसरी बाजू म्हणजे तेवीस मिनिटांचं एकच गाणं. कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते तो भाग) सरळ बसवली आहे का, सुईचा भार कंपनीने सांगितल्याइतका आहे का, हे पाहिलं की बराच फरक पडतो. स्वस्तातली सुटकेससारखी टर्नटेबलं यात हमखास मार खातात.

खरेदी करताना

प्रतवारीची भाषा आधी समजून घ्या. विक्रेता 'व्हीजी' (व्हेरी गुड) म्हणतो तेव्हा हळुवार भागात खरखर ऐकू येणार हे गृहीत धरा, आणि 'गुड' लिहिलेल्या प्रतीच्या वाटेला जाऊ नका. हार्ड रॉकमध्ये थोडी खरखर खपून जाते. 'फेड्रा'सारख्या शांत संगीतात ती असह्य होते.

रेकॉर्ड हातात घेता येत असेल तर लेबलाभोवतालच्या गुळगुळीत पट्ट्यावर उजेड तिरपा पाडा. तिथे कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक डिस्कॉग्ज या रेकॉर्डची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावरच्या नोंदीशी ताडून पाहा. इंग्लंडच्या ईएमआयच्या जुन्या प्रतींवर ज्या साच्यातून रेकॉर्ड दाबून काढली त्या साच्याचा क्रमांकही अक्षरांत असतो. जी म्हणजे 1, आर म्हणजे 2, ए 3, एम 4, आणि पुढे ओ, पी, एच, एल, टी, डी असं शून्यापर्यंत. 'जीआर' कोरलेलं असेल तर तो बारावा साचा. पहिली आवृत्ती म्हणून भाव सांगितला जात असेल तर ही अक्षरं विक्रेत्यापेक्षा जास्त खरं बोलतात. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि कस्टम्सची रक्कम धरूनच भाव ठरवा. चोरबाजारात कलकत्त्याच्या दमदम कारखान्यातल्या प्रती मिळतात. ऐकायला त्या उत्तम असू शकतात. फक्त इंग्लिश प्रतीचा भाव देऊ नका.

पावसाळा

रेकॉर्ड उभ्या ठेवा, आडव्या थरात नको. भिंतीला टेकवू नका, ओल कव्हरमध्ये उतरते आणि श्रावणापर्यंत बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर काही आठवड्यांनी बदला. उन्हाळ्यात बंद गाडीत रेकॉर्ड विसरलात तर ती वाकलीच समजा. धुताना डिस्टिल्ड पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण त्याच पाण्याने आजोबांच्या 78 च्या रेकॉर्ड पुसू नका. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलने लाख विरघळते.

फक्त लंडन आणि सॅन फ्रान्सिस्को

संग्रह या दोन शहरांवर थांबवणं हे मोठं नुकसान आहे. तुर्कस्तानच्या एर्किन कोराईचा 'एलेक्ट्रॉनिक त्युर्क्युलेर' (1974), झांबियाच्या अमानाझचा 'आफ्रिका' (1975), जपानच्या फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँडचा 'सातोरी' (1971), हे कुणाच्याही उष्ट्यावर वाढलेलं संगीत नाही.

आपल्याकडेही हे वारं होतं. सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवलेल्या सिमला बीट स्पर्धेतून 1970 आणि 1971 मध्ये दोन एलपी निघाल्या, मद्रासपासून शिलाँगपर्यंतच्या तरुण बँडनी भरलेल्या. मुद्दाम खरखरीत केलेली फझ गिटार, ऑर्गन आणि जेमतेम साधनांत केलेलं ध्वनिमुद्रण. आवाज कच्चा आहे, पण उमेद अशी की ऐकत राहावं. मूळ प्रतींचे भाव आता सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले आहेत, त्यामुळे पुनर्मुद्रित आवृत्ती घ्या. मुंबईच्या अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचं संगीतही 2011 मध्ये अमेरिकेतल्या नाउ-अगेन लेबलने पुन्हा काढलं. हे दोन संच शेजारी ठेवून, दिवाबत्तीनंतर घर शांत झालं की, एकेक बाजू करत ऐका. आनंद शंकरचा सतार आणि मूग सिंथेसायझर असलेला 1970 चा अल्बम त्यानंतर लावा.