आयव्हीएफसाठी परदेशी जाताय? फिरण्यातल्या या चुका टाळा

चौथ्या दिवशी किल्ला, आठव्या दिवशी डोंगर, बाराव्या दिवशी एग पिकअप (अंडाशयातून स्त्रीबीजं काढणं), तेराव्या दिवशी संग्रहालय. असा तक्ता घरूनच आखून येणारी जोडपी पाहिली की कपाळावर हात मारावासा वाटतो. फॉलिकलना, म्हणजे अंडाशयात बीजं वाढवणाऱ्या पिशव्यांना, तुमचा तक्ता ठाऊक नसतो. बीजं वाढवणारी इंजेक्शनं साधारण 8 ते 14 दिवस चालतात, शेवटी शेवटी तर दर एक-दोन दिवसांनी सोनोग्राफी होते, आणि पिकअपचा नेमका दिवस जेमतेम दोन दिवस आधी कळतो. परतीचं तिकीट बदलता येणारंच घ्या. पैसे परत न मिळणारी सहल इंजेक्शनांच्या पहिल्या पाच दिवसांपलीकडे ठरवूच नका.

ट्रिगरच्या रात्री शहराबाहेर असणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. ट्रिगर म्हणजे बीजं पूर्ण पिकवणारं शेवटचं इंजेक्शन. ते टोचल्यावर 34 ते 36 तासांनी स्त्रीबीजं काढतात. रात्री साडेदहाला टोचलं, की 36 तासांच्या हिशेबाने परवा सकाळी साडेदहाला तुम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये.

नेहमीचा घोळ असा. दुपारच्या सोनोग्राफीनंतर क्लिनिक सांगतं, संध्याकाळी फोनवर वेळ कळवतो. तोवर शेजारचं गाव बघून येऊ, असं दोघांचं ठरतं. तिथे परतीची शेवटची गाडी रद्द होते, टॅक्सी मिळता मिळत नाही, आणि इंजेक्शन हॉटेलच्या फ्रिजमध्ये. खोलीवर पोचेपर्यंत रात्रीचे सव्वादोन वाजतात. बाई घाईघाईने टोचून घेते आणि ओरडा बसेल म्हणून दोघं गप्प बसतात. थिएटरची वेळ मात्र साडेदहाचीच राहते. म्हणजे मध्ये पुरते साडेबत्तीस तासही जात नाहीत. बीजं पिकलेली नसतात, फॉलिकलच्या भिंतीपासून सुटत नाहीत, सुई घालूनही हाती फार थोडी लागतात. उलट, गरजेपेक्षा जास्त तास गेले तर बीजं आधीच निसटून जातात.

उशीर झाला तर तो लपवण्याइतका मूर्खपणा नाही. टोचल्याचं तास-मिनिट लिहा आणि त्याच क्षणी क्लिनिकच्या तातडीच्या नंबरवर कळवा. वेळेत कळलं तर पिकअप पुढे सरकवता येतं. शिवाय सीमा ओलांडून शेजारच्या देशात गेलात, तर मोबाइल गुपचूप तिथल्या घड्याळावर जातो आणि गजर तासभर इकडेतिकडे होतो. जुनं मनगटी घड्याळ क्लिनिकच्या वेळेवर लावून ठेवा, त्याला हात लावू नका.

मिनीबारला फ्रिज समजणं

खोलीतला मिनीबार बाटल्या गार करण्यापुरता असतो. काही हॉटेलांत दाराचं कार्ड काढलं की त्याची वीजही जाते. तुम्ही सहा तास भटकता आणि औषधं सहा तास उबेत. उलट, गोठणाऱ्या मागच्या भिंतीला इंजेक्शनचं पेन टेकलं तर औषध गोठतं. गोठलेलं वितळवून वापरायचं नसतं, सरळ बाद करायचं. पोचल्याबरोबर पाणी भरलेल्या पेल्यात थर्मामीटर बुडवून तो मधल्या फळीवर रात्रभर ठेवा. सकाळी 2 ते 8 अंश दिसलं तरच औषधं आत जातील. नाही दिसलं तर हॉटेलकडून नीट चालणारा फ्रिज मागून घ्या.

सगळंच औषध फ्रिजचं नसतं. बरीच पेनं 25 अंशांखाली ठरावीक दिवस चालतात. औषधासोबतचं पत्रक वाचा आणि बाहेर काढल्याची तारीख पेनावरच लिहा. सोबत नेताना बर्फाचं पाकीट फडक्यात गुंडाळा, पेनाला थेट लावू नका. विमानात औषधं हातातल्या बॅगेतच हवीत. सोबत डॉक्टरांचं पत्र ठेवा आणि त्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे ना, ते बघा.

पोट जड झालंय, तरी 'एवढं चढून येऊ'

साधारण आठव्या दिवसापासून अंडाशयं फुगून जड होतात. धावणं, उड्या, घोडेस्वारी, खडबडीत रस्त्यावरची जीप यांत त्यांना पीळ पडू शकतो. एका बाजूला अचानक तीव्र कळ आणि उलटी आली तर तडक आपत्कालीन विभाग गाठा, गोळी घेऊन वाट बघू नका. सपाट रस्त्यावर हळू चालणं, बाग, संग्रहालय, बोटीतली शांत फेरी हे सगळं चालतं. फार तर दोन तास, आणि मधे बसायला जागा असेल तरच.

पिकअपनंतर 24 तास गाडी चालवायची नाही, आणि क्लिनिक सांगेपर्यंत टब आणि तलाव बंद. रोज सकाळी वजन करा. दिवसात किलोभर वाढ, लघवी कमी होणं, धाप लागणं यांतलं काही दिसलं तर 'बाहेरचं खाणं बाधलं' म्हणून सोडून देऊ नका. अंडाशयं अतिउत्तेजित झाल्याची ही लक्षणं असू शकतात, तेव्हा त्याच दिवशी फोन करा.

नवरेबुवांसाठी: सॉना आणि गरम पाण्याचे टब बंद. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे उष्णतेचा परिणाम लगेच दिसत नाही, पण पुढे कित्येक आठवडे टिकतो. वीर्याच्या सॅम्पलआधी 2 ते 5 दिवसांचा संयम हवा, आणि एक सॅम्पल आधीच गोठवून ठेवलेलं बरं.

बाकीचं थोडक्यात. पिकअपच्या दुसऱ्या दिवशी किती बीजं फळली हे सांगणारा फोन येतो, तेव्हा संग्रहालयात मोबाइल बंद ठेवू नका. ठरवून घेतलेल्या उपचारातली गुंतागुंत साधा प्रवासविमा सहसा भरत नाही, अटी वाचूनच निघा. डासांतून पसरणारा झिका विषाणू असलेल्या भागात फिरायला जाऊच नका.

ट्रान्सफरनंतर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडल्यावर, पलंगाला खिळून राहण्याचा काही उपयोग नाही. चालल्याने गर्भ 'पडत' नाही, विमानाच्या धक्क्यानेही नाही. लांबच्या उड्डाणात तासातासाला उठा, पाणी प्या. आणि हॉटेलच्या बाथरूममध्ये पाचव्या दिवशी गरोदरपणाची चाचणी करून बसू नका. ट्रिगरमध्ये एचसीजी (चाचणीत शोधतात तेच संप्रेरक) असेल, तर त्याचा अंश दहा-चौदा दिवस अंगात राहू शकतो आणि खोटी रेघ उमटते. निघताना प्रोजेस्टेरॉनच्या (गर्भाशयाचं अस्तर टिकवणाऱ्या संप्रेरकाच्या) गोळ्या ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्या. योनीमार्गात ठेवायच्या मेणचट गोळ्या असतील, तर त्या उन्हात तापलेल्या बॅगेत वितळतात.