रोज लिहूनही कथा जिथल्या तिथेच? सरावातल्या या चुका टाळा

इंदुरात मराठी कथा लिहिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात 1917, 1935 आणि 2001 असं तीनदा भरलं, आणि 2001 च्या संमेलनाच्या अध्यक्ष विजया राजाध्यक्ष स्वतः कथालेखिका. आजही रामबागेत, राजेंद्र नगरात चार मंडळी जमली की कुणीतरी पिशवीतून कथेची पानं काढतंच. या नव्या लिहिणाऱ्यांकडून एक तक्रार मात्र सारखी कानावर येते: रोज लिहितो, वह्या भरल्या, पण कथा काही सुधारत नाही. ही तक्रार आळशी माणसाची नसते. जीव ओतून लिहिणाऱ्याचीच असते, म्हणून तिचं उत्तर नुसतं ‘लिहीत राहा’ असं देऊन भागत नाही.

रोज लिहिणं आणि रोज सराव करणं वेगळं आहे, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते.

‘रोज हजार शब्द’ म्हणजेच सराव, असं धरून चालणं

1993 मध्ये अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांसोबत बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला 10,000 तासांचा आकडा पुढे जगभर गाजला. आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला, पण त्याच लेखातली महत्त्वाची विभागणी मागे पडली. एरिक्सन आणि मंडळींनी काम, खेळ आणि हेतुपूर्वक सराव असे तीन प्रकार वेगळे केले होते. कामात आपण जे येतं तेच वापरतो, कारण ते वेळेत आणि बरं व्हायला हवं असतं. खेळात आनंद असतो. सरावात मात्र जे येत नाही तेवढंच निवडून घ्यायचं, ते पुन्हा पुन्हा करायचं आणि प्रत्येक वेळी कुठे चुकलं ते पाहायचं.

आता आपल्या वहीकडे बघा. दिवाळी अंकासाठी लिहिलेली कथा हे काम झालं. रात्री मन मोकळं करायला लिहिलेली दोन पानं हा खेळ. दोन्ही हवंच, पण त्यांतून हात तयार होईल ही अपेक्षा चुकीची आहे. हजार शब्द लिहिताना आपण जुन्याच सवयी हजार वेळा घोटत असतो. त्याऐवजी वीस-पंचवीस मिनिटं आणि एकच गोष्ट: आज फक्त संवाद, किंवा आज फक्त कथेचं पहिलं वाक्य. पंधरा दिवस तीच एक गोष्ट. कंटाळा येईल, तो येऊ द्या.

आपलं नेमकं काय कच्चं आहे ते न तपासणं

‘माझी भाषा कमजोर आहे’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि बहुतेकांची भाषा चांगली असते. आपला आपल्याविषयीचा अंदाज फसतो, म्हणून आधी पुरावा गोळा करावा. आपल्या तीन पूर्ण झालेल्या जुन्या कथा घ्या, तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. ‘वाटलं’, ‘जाणवलं’, ‘लक्षात आलं’, ‘मनात विचार आला’ अशा प्रत्येक जागेखाली लाल रेघ. पात्रं प्रत्यक्ष बोलतात तिथे निळी. डोळ्यांना दिसलं, कानांनी ऐकलं, नाकाला जाणवलं असं काहीही असेल तिथे हिरवी.

मग पानं जमिनीवर पसरून लांबून बघा. लाल सगळीकडे आणि हिरवं तुरळक असेल, तर पात्राला काय वाटलं हे तुम्ही सांगून टाकताय, वाचकाला ते आपलं आपण उमगू देत नाही. सगळं हिरवं पहिल्या परिच्छेदात आणि पुढे शून्य असेल, तर वर्णन हे तुमच्याकडे दारावरचं तोरण झालंय. सलग दोन-दोन पानं निळी रेघच नसेल, तर प्रसंग घडत नाहीत, त्यांचा वृत्तान्त येतोय. कुठला रंग बिघडलाय ते कळलं की पंधरवड्याचा विषय ठरला.

वर्णनाच्या नावाखाली यादी करणं

इंदूरचा लिहिणारा कधी ना कधी सराफ्यात जातोच. दिवसा सोन्या-चांदीचा बाजार, रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या. जागाच अशी की लिहायचा मोह होतो. आणि मग असं उतरतं:

‘सराफ्यात खूप गर्दी होती. सगळीकडे दिव्यांचा झगमगाट होता. भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलेबी यांचा घमघमाट सुटला होता. लोक मोठ्या आनंदाने खात होते.’

यात खोटं काही नाही. पण हे कोण बघतंय? पर्यटन खात्याचं पत्रक आणि हा परिच्छेद यांत फरक काय? आता तीच जागा पाटल्या मोडायला आलेल्या बाईच्या डोळ्यांनी:

‘शटर अर्ध्यावर आलं होतं. “उद्या या, काकू,” आतून आवाज आला. मालतीने पर्समधली पुडी मुठीत धरली. ओट्यापुढे गाडीवाल्याने कढई मांडायला घेतली होती. पायरी उतरायला जागाच राहिली नव्हती. “आंटी, थोड़ा साइड में,” तो म्हणाला. तेलाचा वास आता साडीत बसणार. घरी गेल्यावर सासूबाई विचारणार, सराफ्यात काय काय खाल्लंस.’

गर्दी, दिवे, घमघमाट यांतला एकही शब्द नाही, तरी सराफा उभा राहिला. कारण बाईला काहीतरी हवं होतं आणि जागा तिच्या आड आली. सराव असा करा: एक जागा, एक माणूस, त्या माणसाची एक निकड. आठ ओळी, त्यात विशेषण एकही नाही. निकड कुठेही उघड सांगायची नाही. दुसऱ्या दिवशी जागा तीच, माणूस दुसरा. छप्पन दुकानच्या सकाळच्या पोह्यांच्या गर्दीत परीक्षेचा निकाल बघून आलेला मुलगा उभा करा, मग त्याच गर्दीत मुलीसाठी स्थळ बघायला आलेला बाप. पाचव्या-सहाव्या दिवशी तुमचं तुम्हालाच कळतं की जागेतली कुठली वस्तू कथेत यायची आणि कुठली गाळायची, हे माणूस ठरवतो.

पात्रांना माहीत असलेलं पात्रांच्याच तोंडून वदवणं

‘बाबा, गेल्या वर्षी आईच्या आजारपणात आपण घर गहाण टाकलं, हे तुम्हाला माहीतच आहे.’ ‘हो रे, आणि आता बँकेचं पत्रही आलं आहे.’

असे बाप-लेक कुणी पाहिलेत? दोघांनाही जे ठाऊक आहे ते ते एकमेकांना सांगत बसलेत, केवळ वाचकाला कळावं म्हणून. संवादाच्या सरावात माझा आग्रह एकाच नियमाचा असतो: ज्या गोष्टीवरून प्रसंग घडतोय, तिचं नाव दोघांपैकी एकाने तरी टाळायचं.

‘पोस्टमन येऊन गेला?’
‘पोहे थंड होऊन राहिलेत.’
‘बाबा, पत्र कुठंय?’
‘जिरावण घे वरून. आज कमी पडलंय.’

घर, गहाण, बँक काहीच आलं नाही, पण बाप काहीतरी दडवतोय हे आलं. गहाणाची माहिती द्यायचीच तर पुढे एका ओळीत निवेदकाने द्यावी. त्यात कमीपणा नाही.

याच ओघात एक गोष्ट तळमळीने सांगायची आहे. आपल्याकडे घरात ‘तो येऊन राहिलाय’ म्हणतात, गल्लीत ‘भिया’ अशी हाक मारतात, भाजीवाल्याशी हिंदीत बोलून पुढचं वाक्य बायकोशी मराठीत बोलतात. आणि लेखणी हातात आली की सगळी पात्रं सदाशिव पेठेत जन्मल्यासारखी बोलू लागतात. हे करू नका. चार पिढ्या माळव्यात काढलेल्या माणसांचं बोलणं लपवण्यासारखं नाही. उलट बाजूची चूकही तितकीच वाईट: रंगत यावी म्हणून प्रत्येक वाक्यात हिंदी कोंबून पात्राचा विनोद करणं. कान तयार करायचा उपाय सोपा आहे. दिवसभरात ऐकलेलं एक संभाषण रात्री आठवून दहा ओळींत लिहा. कोण बोललं ते लिहू नका. दोन दिवसांनी वाचा. कुठली ओळ कुणाची ते तुम्हालाच ओळखू येत नसेल, तर दोन्ही माणसं एकाच तोंडाने बोलतायत. रेकॉर्डिंग करून जसंच्या तसं उतरवण्याने हे साधत नाही. त्यात अर्धं ‘हं, हं’ असतं, आणि निवड करायला कान शिकतच नाही.

आवडत्या लेखकाचं नुसतं उतरवून काढणं

सुंदर हस्ताक्षरात उतारे लिहून काढणारी मंडळी आहेत. हाताला लय कळते, पण डोकं झोपलेलं राहतं. बेंजामिन फ्रँकलिन मुलगा असताना बॉस्टनमध्ये भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता, तेव्हा त्याने यापेक्षा कितीतरी कस पाहणारी युक्ती काढली होती. आवडत्या नियतकालिकातला निबंध घ्यायचा, प्रत्येक वाक्याच्या आशयाची छोटी टिपणं करायची, काही दिवस ती बाजूला ठेवायची, मग टिपणांवरून आपल्या शब्दांत निबंध पुन्हा उभा करायचा आणि मूळाशी ताडून आपल्या चुका शोधायच्या. कधी तो टिपणांची सरमिसळ करून टाकायचा, म्हणजे क्रम लावणंही शिकता येईल.

कथेसाठी एक परिच्छेद पुरे, तोही मूळ मराठीतलाच घ्या. दर वाक्याला दोन-तीन शब्दांचं टिपण. मध्ये निदान तीन-चार दिवस जाऊ द्या, नाहीतर तो स्मरणशक्तीचा खेळ होतो. ताडून पाहताना ‘त्यांचं किती छान’ असं म्हणून सोडू नका. त्यांनी वाक्य कुठे संपवलं, क्रियापद कुठे ठेवलं, काय लिहिलंच नाही, हे समासात लिहा. न लिहिलेल्या गोष्टींची ही टिपणंच पुढे सगळ्यात जास्त कामी येतात.

कथा नेहमी सुरुवातीपासूनच सांगणं

ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ यांचं बालपण इंदुरातलं. वडील शाहमीर खाँ सारंगीवादक. त्यांनी मुलाकडून मेरुखंड घोटून घेतला. थोडे स्वर घ्यायचे आणि त्यांचे होतील तितके क्रम गळ्यातून काढायचे. चार स्वरांचे 24 क्रम होतात, सातांचे 5040. मैफलीत सगळे गायचे नसतातच, पण नेमका हवा तो क्रम आयत्या वेळी सापडतो तो त्या मेहनतीमुळे.

कथेतल्या घटनांवर हेच करून बघा. चार चिठ्ठ्या: पत्र येतं, बाप ते लपवतो, मुलगा दलालाला घर दाखवतो, आईच्या वर्षश्राद्धाला बहीण येते. यांचेही 24 क्रम. सगळे लिहायचे नाहीत. चिठ्ठ्या उलटसुलट मांडून तीन क्रम निवडा आणि प्रत्येकाचा फक्त पहिला परिच्छेद लिहा. बहिणीपासून सुरू केलं तर वाचक तिच्यासारखाच अजाण असतो, घरात काय शिजतंय ते तिच्याबरोबर शोधतो. दलालापासून सुरू केलं तर मुलाबद्दल राग आधी येतो आणि पत्राचं कळल्यावर निवळतो. पत्रापासून सुरू करणं सगळ्यांना सुचतं, आणि पुष्कळदा तीच सर्वांत पांगळी सुरुवात ठरते.

‘छान आहे’ ऐकून घरी येणं

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांत ही अडचण जरा जास्तच आहे. मराठी वाचणारे मोजके, त्यातले निम्मे नात्यातले किंवा शेजारचे. कोण कशाला वाईटपणा घेईल? ‘मराठीत लिहितोस हेच खूप झालं’ हे प्रेमाचं वाक्य आहे, पण त्याने कथा इंचभरही हलत नाही.

प्रश्न बदला. ‘कशी वाटली?’ असं विचारूच नका. ‘कुठल्या ओळीला लक्ष उडालं?’ ‘मालतीला काय हवं होतं असं वाटलं?’ ‘शेवट कुठे ओळखला?’ यांची उत्तरं भिडस्त माणूसही खरी देतो. त्याहून चांगलं म्हणजे आपली कथा दुसऱ्याला मोठ्याने वाचायला द्यायची आणि आपण गप्प बसून ऐकायचं. वाचणारा जिथे अडखळतो, मागे जाऊन वाक्य पुन्हा घेतो, तिथे खूण करा. स्वतः वाचलं तर आवाजाच्या चढउतारांनी आपण आपलेच खड्डे बुजवतो.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, नेहमीची पंचवीस मिनिटंच करा. फोन दुसऱ्या खोलीत.

सराव कथेपर्यंत न पोचवणं

काही जण सरावातच रमतात. वहीत सुंदर आठ-आठ ओळी साठतात आणि कथा वर्षभर होत नाही. दुसरे काही जण सरावाचा तुकडा आवडला म्हणून उचलून कथेत डकवतात. मग ते ठिगळ लांबूनही दिसतं. सरावाचं पान सरावातच राहू द्या. पंधरवडा संपला की एक जुनी, अडलेली कथा काढा आणि तिच्यात फक्त तेवढंच दुरुस्त करा ज्याचा सराव केला. संवादाचा पंधरवडा असेल तर फक्त संवाद; वर्णन खुपलं, शेवट लंगडा वाटला, तरी त्याला हात लावू नका. दुरुस्त केलेली कथा त्याच माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या ज्याने आधीची वाचली होती. तो आता कमी ठिकाणी अडखळला तर पुढच्या पंधरवड्याला दुसरा विषय घ्या. तितकाच अडखळला तर विषय तोच ठेवा, अभ्यास मात्र बदला: दहा ओळी जड जात असतील तर चार करा, दोन पात्रं सांभाळत नसतील तर एकच पात्र घ्या आणि त्याला फोनवर बोलायला लावा, म्हणजे पलीकडचं बोलणं वाचकाला ऐकू न येता कळायला हवं.